निषेध ‘जाहीर’च का?

प्रश्न असा आहे: ‘बातम्यांत आणि पोस्टींत सगळीकडे “जाहीर निषेध” दिसतो. निषेध काय कोणी गुपचूप करतं? मग “जाहीर” हा शब्द फुकटचा नाही का?’

गुपचूप निषेध होतो की! घरोघरी होतो, भांडी आदळून. पण तुमची शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर आधी ‘निषेध’मध्येच शोधावं लागतं.

संस्कृतात निषेध म्हणजे मनाई. ‘विधिनिषेध’ ही जोडी आपण अजून वापरतो: हे कर, ते करू नकोस. ‘न कलञ्जं भक्षयेत्’, म्हणजे कलंज (खाण्याचा एक वर्ज्य पदार्थ) खाऊ नये, हे मीमांसकांचं, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पंडितांचं, निषेधाचं ठरलेलं उदाहरण. हिंदीत हा अर्थ टिकून आहे. ‘धूम्रपान निषेध’ ही पाटी वाचून लहानपणी मला वाटायचं, कोणीतरी विडीवाल्यांविरुद्ध आंदोलन पुकारलंय. मराठीत शब्दाने कूस बदलली. मनाई करायला हातात अधिकार लागतो. तो नसलेला माणूस नुसतं ‘हे आम्हाला मान्य नाही’ एवढंच म्हणू शकतो, आणि आपण त्यालाच निषेध म्हणू लागलो. वरून खाली येणारा शब्द खालून वर जायला लागला. मला तरी ही उलटापालट आवडते.

आता अशा निषेधाला दुसरं बळ काय? चार लोकांनी ऐकणं. म्हणून ‘जाहीर’. अरबी ‘ज़ाहिर’ म्हणजे उघड, दिसणारं. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक टायपात छापलेली ‘जाहीर नोटीस’ आठवा: ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की...’ नंतर ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ म्हणायची सोय राहत नाही. जाहीर निषेधातही तेच अपेक्षित आहे. तेव्हा शब्द फुकटचा नाही.

पण गंमत पुढे आहे. याच ‘जाहीर’ला अरबी अनेकवचनाचा ‘आत’ लागला (खैरात, जवाहिरात यांतला) आणि शब्द झाला ‘जाहिरात’. म्हणजे जाहीर निषेध आणि जाहिरात ही सख्खी भावंडं. हल्ली तर ती जुळी वाटतात. परवा एक पोस्ट पाहिली. काळी पार्श्वभूमी, वर लाल अक्षरांत ‘जाहीर निषेध!!!’, मधोमध हात जोडलेला, इस्त्रीच्या कपड्यांतला फोटो, खाली नाव आणि तीन पदं. निषेध कशाचा, हे शोधायला मला फोटो मोठा करावा लागला. मजकूर होता, ‘तीव्र शब्दांत निषेध नोंदवण्यात येत आहे.’ ते तीव्र शब्द कुठेच नव्हते. आणि कर्मणी प्रयोगात कर्ता लपलेला, फोटोत मात्र त्याच्याशिवाय कोणी नाही.

याच्या शेजारी ‘धरणे’ ठेवून बघा. पूर्वी सावकार, तर कधी गाऱ्हाणं असलेला माणूस, समोरच्याच्या दाराशी उपाशी बसायचा. या बसण्याची धास्ती एवढी, की 1860 च्या भारतीय दंडविधानात कलम 508 खाली, दैवी कोपाची भीती घालण्याचं उदाहरण म्हणून, दाराशी धरणं धरणारा माणूसच दिला होता. त्याला ‘जाहीर धरणे’ म्हणायची गरज सहसा पडत नाही. दारात बसलेला माणूस दिसतोच. (‘धरणे आंदोलन’ ही जोडगोळी मात्र मला खटकते, पण त्यावर पुन्हा कधीतरी.)

मोठेपणा मिरवण्यासाठी आपल्याकडे शब्दांची कमी कधीच नव्हती. टिमकी वाजवणं, डंका पिटणं, ढोल बडवणं, सगळा वाद्यवृंद आहे. उजेडासाठी टेंभाही आहे. फरक इतकाच, की पूर्वी टिमकी टिमकीसारखी वाजायची, आता ती निषेधाच्या तालात वाजते.

तुमच्या प्रश्नाला जोडून आणखी एक विचारणा आहे: शुभेच्छांच्या फलकावर खाली ‘शुभेच्छुक’ असतो, तसं निषेधाच्या पोस्टखाली काय लिहावं? ‘निषेधक’ व्याकरणात बसतो. पण वर सांगितलेल्या पोस्टसाठी मी ‘निषेधेच्छुक’ सुचवेन. संधी अगदी बरोबर साधलेला आहे.