पिशवीवरचा आकडा नेमका कोणाचा?

प्रश्न : आम्ही पती-पत्नी नाशिकला गंगापूर रोडवर राहतो, वये ५४ आणि ५१. कळसूबाई, हरिहर, साल्हेर असे ट्रेक करत असतो. यंदा डिसेंबरअखेर उत्तराखंडातील केदारकांठा ट्रेकला जाण्याचे ठरवले आहे. दुकानदाराने दाखवलेल्या स्लीपिंग बॅगवर ‘उणे १०’ असे ठळक छापले असून दोघांनाही तीच पुरेल, असे तो म्हणतो. मात्र गेल्या हिवाळ्यात साल्हेरच्या गुहेत एकसारख्याच बॅगा असूनही मी गाढ झोपलो आणि पत्नीने पहाटेपासून बसून रात्र काढली. काय घ्यावे? डाउनची (बदक-हंसांच्या मऊ पिसांची) बॅग घ्यावी की सिंथेटिक (कृत्रिम तंतूंच्या) भरणाची?

उत्तर : साल्हेरला जे घडले, त्यातच आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. ‘उणे १०’ हा आकडा खोटा असेलच असे नाही. परंतु तो तीन आकड्यांपैकी कोणता, हे समजल्याशिवाय पैसे मोजू नयेत. युरोपात २००२ मध्ये आलेल्या ईएन १३५३७ आणि पुढे त्याची जागा घेतलेल्या आयएसओ २३५३७ या मानकांनुसार तपासलेल्या बॅगेला तीन तापमाने दिली जातात. सर्वसाधारण स्त्री अंग सैल सोडून रात्रभर झोपू शकेल, ते ‘कम्फर्ट’; सर्वसाधारण पुरुष गुडघे पोटाशी घेऊन का होईना, पण झोपू शकेल, ते ‘लिमिट’; आणि ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे सहा तास जीव तगून राहील एवढाच हिशेब, ज्यात झोपेचा प्रश्नच येत नाही. जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत बहुधा या तिघांतला सर्वांत कमी आकडा झळकतो. एक्स्ट्रीम उणे १० असलेल्या बॅगेचे कम्फर्ट शून्याच्या बरेच वर असू शकते. म्हणजे निफाडला पारा पाच अंशांखाली उतरून बागायतदार द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात, अशा रात्रीही ती आपल्या पत्नीला अपुरी पडू शकेल.

शिवाय या मानकांतली ‘सर्वसाधारण’ माणसे २५ वर्षांची धरलेली आहेत. पन्नाशी ओलांडलेल्या, दिवसभर बर्फात चालून दमलेल्या आणि उंचीमुळे भूक मंदावलेल्या माणसाचे शरीर तेवढी ऊब तयार करीलच असे नाही. केदारकांठ्याचा माथा सुमारे ३८०० मीटरवर आहे. मुक्काम त्याखाली असले, तरी डिसेंबरअखेर तिथे रात्री तापमान उणे ५ ते उणे १० अंशांपर्यंत उतरते, असे धरून चालावे. म्हणून आपल्या पत्नीसाठी कम्फर्ट उणे १० असलेली बॅग घ्यावी. आपल्याला कम्फर्ट उणे ५ ची चालू शकेल, मात्र दोघांनी बॅगा जोडून एकत्र झोपण्याची हौस बाळगू नये. दोन बॅगा चेनने जोडल्या, की खांद्यांमध्ये राहणाऱ्या फटीतून गार हवा शिरत राहते.

भरणाविषयी आमचे मत स्पष्ट आहे : कोरड्या, बर्फाळ थंडीसाठी डाउन. वजनाच्या मानाने इतकी ऊब दुसरे काही देत नाही आणि घडी लहान होते. फिल पॉवरचा आकडा, म्हणजे एक औंस डाउन फुलून किती घन इंच जागा व्यापते, तो ६०० असला तरी काम चांगले भागते. ८०० च्या मोहात पडण्याआधी आत डाउन किती ग्रॅम भरले आहे तेही पाहावे, कारण उंची प्रतीचे पण मोजकेच डाउन भरलेली बॅग गरम ठरत नाही. डाउनचे वैरी एकच, ओल. भिजून गोळे झालेले डाउन निरुपयोगी ठरते. सिंथेटिक भरण ओले झाल्यावरही थोडीफार ऊब टिकवते. त्यामुळे पावसाळी सह्याद्रीत डाउनची बॅग नेऊ नये, आणि हिमालयातही तोंड आत घेऊन झोपू नये, कारण श्वासातली वाफ आतच मुरते. टोपडे आवळून नाक आणि तोंड तेवढे बाहेर ठेवावे.

दुकानात बॅग हातात घेऊन न थांबता तिच्यात आडवे व्हावे. चेन गळ्यापर्यंत ओढून मानेभोवतीची भरलेली कॉलर आवळावी. ती नसेल, तर प्रत्येक कुशीबरोबर आतली गरम हवा बाहेर पडेल. चेनमागे बोट फिरवून तिथे भरलेली पट्टी आहे ना, हे चाचपावे. मग बॅग उजेडाकडे धरावी : शिलाईच्या रेषांवर कापडापलीकडचा उजेड दिसत असेल, तर दोन्ही बाजू थेट एकमेकींना शिवलेल्या आहेत आणि त्या रेषांवर भरण जवळपास नाही, असे समजावे.

प्रश्न : मी नाशिक रोडचा महाविद्यालयीन विद्यार्थी असून आयुष्यात बहुधा एकदाच हिमालयात जाईन. महागडी बॅग घ्यावीच लागेल का?

उत्तर : मुळीच नाही. बहुतेक ट्रेक आयोजक बॅग पुरवतात, तर लेह आणि काठमांडूचे थामेल येथे ती भाड्याने मिळते. मात्र तिचे कम्फर्ट तापमान आधीच विचारून घ्यावे. वाचलेल्या पैशांतून मॅट चांगली घ्यावी, कारण अंगाखाली दबलेले भरण जवळपास निकामी होते आणि पाठीची ऊब थेट बर्फाकडे जाते. बॅगांच्या चाचण्याही माणसाऐवजी पुतळ्याला मॅटवर झोपवूनच केल्या जातात. मॅटची उष्णतारोधकता आर-मूल्याने मोजतात. घडीच्या साध्या फोम मॅटचे मूल्य दोनच्या आसपास असते, तर बर्फावर पाचच्या आसपास हवे. दोन मॅटची मूल्ये एकमेकांत मिळवता येतात, त्यामुळे आयोजकाच्या मॅटखाली आपली अंथरणे हा स्वस्त उपाय आहे. स्वच्छतेसाठी आत पातळ लायनर, म्हणजे अस्तरासारखी कापडी पिशवी, घ्यावे. घामेजलेले कपडे काढून कोरडे घालावेत आणि झोपताना झाकण घट्ट लावलेली गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून पायांशी ठेवावी.

प्रश्न : डाउनची बॅग वर्षभर घरी कशी ठेवावी? (सिडको, नाशिक)

उत्तर : तिच्या छोट्या थैलीत कोंबून कदापि ठेवू नये, डाउन दबून राहिले, की फुलणे विसरते. मोठ्या, सैल सुती पिशवीत किंवा कपाटात टांगून ठेवावी. जून ते सप्टेंबर हवा दमट असते, तेव्हा उघडीप पडली की बॅग सावलीत पसरून तासभर हवा द्यावी. धुणे शक्यतो टाळावे; धुतलीच, तर डाउनसाठीचा खास साबण वापरून, पिळल्याशिवाय, आतले गोळे हाताने मोकळे करत पूर्ण सुकवावी. त्याला दोन-तीन दिवसही लागू शकतात, म्हणून हे काम एप्रिल-मेमध्येच उरकावे.