सीए म्हणजे रुक्ष आणि टॅक्स चुकवून देणारा?

प्रश्न: काका नमस्कार, मी इंदूरला रामबागेत राहते, सीएची इंटर परीक्षा झालीय, आर्टिकलशिपचं, म्हणजे सीएच्या हाताखालच्या उमेदवारीचं, दुसरं वर्ष चालू आहे. परवा चुलतभावाच्या मुंजीत मामा सगळ्यांसमोर म्हणाले, ‘आता घरातच सीए, टॅक्स चुकवायचं टेन्शन गेलं’. मैत्रिणी म्हणतात सीए लोक कंजूस नि रुक्ष असतात. हसून सोडते पण लागतं मनाला. या लाइनमधली माणसं स्वतःकडे कसं बघतात?

उत्तर: अगं, रुक्षचं सोडून दे. सप्टेंबरात टॅक्स ऑडिटच्या दिवसांत रात्री अकराला सुटलेली आर्टिकल पोरं सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खाताना ज्याने बघितलीत तो असं म्हणणारच नाही.

मामांचं वाक्य मात्र सोडू नकोस. कायद्यात जी सूट आहे ती दाखवून देणं आपलं काम, खोटी बिलं लावून देणं नाही, आणि लोकांना हा फरकच कुणी सांगितलेला नसतो.

मी आर्टिकल असताना सरांबरोबर एका होलसेल व्यापाऱ्याकडे स्टॉक मोजायला गेलो होतो. बँकेला दिलेल्या स्टेटमेंटात माल भरपूर, कारण सीसी लिमिटमधून, म्हणजे मालाच्या तारणावरच्या बँकेच्या कर्जातून, किती उचलता येईल ते त्यावरच ठरतं, गोडाउनात पोती कमी. मालक सरांचे जुने स्नेही, म्हणाले वह्या बघा ना, पोती कशाला मोजता. सरांनी मला एकेक पोतं मोजायला लावलं, फरक रिपोर्टात लिहिला. पुढच्या वर्षी ते काम गेलं, दिवाळीचा डबाही बंद झाला, सर कधी एक शब्द बोलले नाहीत. मी सीए व्हायचं त्या गोडाउनात नक्की केलं.

आपल्या सीएंच्या इन्स्टिट्यूटचं बोधवाक्य कठोपनिषदातलं आहे, ‘य एष सुप्तेषु जागर्ति’, सगळे झोपलेले असताना जो जागा असतो तो. 1949 मध्ये संस्था निघाली तेव्हा श्रीअरविंदांनी दिलेलं. पण आपल्यातच यावर दोन मतं आहेत हेही ऐक. 1896 च्या किंग्स्टन कॉटन मिल खटल्यात इंग्लंडचे न्यायाधीश म्हणाले होते की ऑडिटर राखण करणारा कुत्रा आहे, वास काढत फिरणारा शिकारी नव्हे, आणि अजून बरेचजण त्याच वाक्याच्या आड उभे राहतात. मला ते पटत नाही. 2009 मध्ये सत्यम या आयटी कंपनीच्या घोटाळ्याचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा ताळेबंदातली हजारो कोटींची रोख बँकेत नव्हतीच, आणि खाली ऑडिटरच्या सह्या होत्या. आता 2013 च्या कंपनी कायद्यात मोठा फ्रॉड दिसला तर सरकारला कळवायची जबाबदारी ऑडिटरवरच टाकलीय, ते मला योग्य वाटतं. लोक आपल्याला चोरवाटा दाखवणारे समजतात त्यात थोडा दोष आपलाही आहे, ‘बघू, करू काहीतरी’ आपणच म्हणतो ना.

मामा परत काही बोलले तर प्रेमानेच सांग, मामा, तुमचं रिटर्न मीच भरीन, फक्त पासबुक, एफडीचं व्याज, भाडं येत असेल तर तेही, सगळे कागद जुलैच्या आधी आणून द्या.