वाचकांचे प्रश्न : जुन्या कपाटात मद्याच्या बाटल्या

प्रश्न : जालन्यात जुन्या लाकडी सामानाच्या दुकानातून एक सागवानी कपाट विकत घेतले. पाहुण्यांसाठी मद्याच्या बाटल्या व ग्लास त्यात ठेवायचे आणि कपाट कमरेइतके उंच असल्यामुळे वरच्या फळीवरच पेये तयार करायची, असा विचार आहे. पुन्हा पॉलिश मारले की काम झाले, असे सुतार म्हणतात. तेवढे पुरेल का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : कोणते पॉलिश, हे आधी सुतारांना विचारावे, कारण आपल्या प्रश्नाचे सारे मर्म तिथेच आहे. आपल्याकडच्या जुन्या सागवानी सामानावर बहुतेक वेळा फ्रेंच पॉलिश असते, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी लाख. जी वस्तू स्पिरिटमध्ये विरघळते ती व्हिस्की किंवा रमच्या थेंबापुढेही टिकत नाही. सांडलेले मद्य लगेच पुसले नाही तर तिथे पांढरट डाग उमटतो किंवा पृष्ठभाग चिकट होतो. बर्फाच्या ग्लासाखाली साचणाऱ्या पाण्यानेही असेच पांढरे कडे पडते. त्यामुळे तेच पॉलिश पुन्हा मारल्यास कपाट काही दिवस सुंदर दिसेल, परंतु ज्या कामासाठी ते घेतले त्याच कामाने ते खराब होईल.

खात्री करून घेणे सोपे आहे. कपाटाच्या मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा थोडा वेळ दाबून धरावा. पॉलिश मऊ होऊन बोळ्याला तपकिरी रंग लागला, तर ते लाखेचे आहे. तसे आढळल्यास फक्त वरची फळी आणि बाटल्या ठेवायचे कप्पे स्पिरिटने पुसून, घासून लाकडापर्यंत मोकळे करावेत, सागातील नैसर्गिक तेलामुळे नवा थर सुटू नये म्हणून थिनरने एकदा पुसावे आणि त्यावर पीयू, म्हणजे मद्याने न विरघळणाऱ्या पॉलियुरेथेन पॉलिशचे पातळ थर द्यावेत. दारे आणि बाजू मात्र तशाच राहू द्याव्यात, ही माझी आग्रहाची विनंती आहे. इतक्या वर्षांच्या हाताळणीने लाखेला आलेली झळाळी नव्या पॉलिशने मिळत नाही आणि तिथे मद्य सांडण्याचा प्रश्नही फारसा येत नाही.

वरच्या फळीवर दगड बसवण्याचा मोह होईल, आणि आपल्या भागात शहाबादी फरशी सहज मिळते. परंतु ती चुनखडकाची असल्यामुळे लिंबाच्या रसाने तिच्यावर कायमचे डाग पडतात. त्यापेक्षा ग्रॅनाइट किंवा जाड टफन काच बरी.

कपड्यांच्या कपाटात फळ्यांमधील अंतर अनेकदा 12 इंचांचे असते. 750 मिलिलिटरची बाटली साधारण तेवढीच उंच असल्यामुळे ती काढताघालता येण्यासाठी 14 इंच अंतर ठेवावे लागेल. भरलेली बाटली सव्वा किलोच्या आसपास भरते, म्हणजे तीन फुटांच्या फळीवर एका ओळीत 11 बाटल्या मांडल्या तरी 13 ते 15 किलो भार येतो. म्हणून मध्यभागी एक उभा आधार द्यावा. त्याआधी फळ्यांखाली पिठासारखा बारीक भुसा पडतो का, हे पाहावे. सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही, पण कडेच्या पांढुरक्या लाकडाला लागते.

आणखी दोन गोष्टी आवश्यक आहेत. कपाट देवघराच्या समईजवळ किंवा गॅसच्या शेगडीजवळ नसावे, कारण 40 टक्के मद्यार्काची वाफ आपल्या उन्हाळ्यात ठिणगीने पेट घेऊ शकते. दाराला कुलूपही हवेच, विशेषतः घरात मुले असतील तर. महाराष्ट्रात मद्य बाळगण्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो आणि जवळ ठेवण्याच्या साठ्यालाही मर्यादा असते, हे कपाटाचा आकार ठरवतानाच ध्यानात घ्यावे.

प्रश्न : दूधदुभते ठेवण्याचे आमचे जुने जाळीचे कपाट रिकामे आहे. त्यात वाईनच्या बाटल्या आडव्या ठेवल्या तर चालेल का? कपाटावर जुना हिरवा ऑइल पेंट आहे, तो काढावा का?
— एक वाचिका, नांदेड

उत्तर : ग्लासांसाठी हे कपाट उत्तम आहे, वाईनसाठी मात्र नाही. बुचाची बाटली आडवी ठेवतात ती बूच ओले राहावे म्हणून, हे खरे. परंतु वाईनला 12 ते 15 अंश तापमान मानवते आणि नांदेडचा मे महिना 40 अंशांच्या पुढे जातो. जाळीतून उष्णता आणि उजेड दोन्ही आत येतात, तेव्हा वाईन गरजेपुरतीच आणून फ्रिजमध्ये ठेवावी. व्हिस्की, रम यांच्या बाटल्या नेहमी उभ्याच ठेवाव्यात, कारण तीव्र मद्याच्या सततच्या स्पर्शाने बूच झिजते.

रंग मात्र कोरडा घासू नये. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादित करणारा नियम 2017 मध्ये लागू झाला. त्यापूर्वीच्या ऑइल पेंटमध्ये शिसे बरेच असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांना फार अपायकारक असते. रंग घट्ट असेल तर तो तसाच ठेवून आतल्या फळ्यांवर काच टाकावी. पोपडे सुटत असतील तर पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, तोंडाला चांगला मास्क लावून, घराबाहेर घासावे आणि निघालेला गाळ अंगणातील मातीत न टाकता पिशवीत बांधून वेगळा द्यावा.