‘चांगले जंतू’ सगळ्याच मुलांना चांगले नसतात

प्रश्न : नात सातव्या महिन्यातच झाली, वजन ९४० ग्रॅम. अजून पेटीत आहे. प्रोबायोटिकचे थेंब बाहेरून आणून द्यावेत का? (एक आजी, कागल)

आजी, डॉक्टरांना न विचारता बाटली आत पाठवू नका. प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जंतू. एवढ्याशा बाळाच्या आतड्याची भिंत कच्ची असते, तिच्यातून ते रक्तात उतरू शकतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) इशारा दिला तो हजार ग्रॅमच्या आतल्या अशाच एका बाळाच्या मृत्यूनंतर. प्रोबायोटिकमधल्याच जंतूने त्याला सेप्सिस, म्हणजे रक्तात पसरणारा जीवघेणा संसर्ग, झाला होता. २०१४ मध्ये तर तिथल्या एका पावडरीत बुरशीच निघाली आणि कमी दिवसांचं बाळ दगावलं. काही नवजात विभागांत डॉक्टर आतड्याचा गंभीर आजार टळावा म्हणून विचारपूर्वक प्रोबायोटिक देतात, पण तो निर्णय त्यांचा. प्रोबायोटिक दिल्याने नवजात बाळांमधला सेप्सिस घटला, असं सांगणाऱ्या ओडिशातल्या अभ्यासाचा दाखला मलाही व्हॉट्सअॅपवर येतो. त्यातली बाळं दोन किलोंच्या वरची, धडधाकट होती!

प्रश्न : मुलाला ब्लड कॅन्सर आहे, छातीत केमोची नळी. जुलाब लागले म्हणून मेडिकलमधून प्रोबायोटिक यीस्टची (जिवंत बुरशीची) पुडी आणली. देऊ का? (इचलकरंजी)

नको. पुडी फोडूसुद्धा नका. फाडताना भुकटी उडते, बोटांना चिकटते, आणि त्याच बोटांनी नळीची टोपी उघडली की यीस्ट थेट रक्तात. शेजारच्या खाटेवर फोडलेली पुडीही पुरते. नळी असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती घटलेल्या पेशंटना हे यीस्ट द्यायला युरोपात २०१७ पासून मनाई आहे. एखादी पुडी आधीच गेली असेल तर लपवू नका, डॉक्टरांना नाव सांगा. रक्तात गेलेलं यीस्ट नेहमीच्या अँटिबायोटिकने मरत नाही. जुलाबांबरोबर ताप आला तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

प्रश्न : याच मुलाला गंगावेशीतलं धारोष्ण दूध चालेल? आणि घरचं दही?

कोल्हापुरात राहून दूध कट्ट्याला नाही म्हणताना माझीच जीभ अडखळते, पण कच्चं दूध त्याला नकोच. उकळलेलं द्या. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना दही द्यायचं की नाही, ते कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : सहा वर्षांच्या धडधाकट मुलीला अँटिबायोटिकसोबत प्रोबायोटिक द्यावंच लागतं का?

नाही. दिलं तर सहसा बिघडत नाही, इतकंच. जुलाब लागलेच तर ओआरएस आणि १० ते १४ दिवस झिंक, रोज २० मिलिग्रॅम.