आरएक्स १००चा मूळ सायलेन्सर कापू नका

तुमच्या १९९५च्या यामाहा आरएक्स १०० या टू-स्ट्रोक बाईकचा पिकअप गेलाय आणि मेकॅनिक म्हणतोय, पुंगळी (सायलेन्सरच्या आतली भोकांची नळी) काढू, सायलेन्सर कापून आतलं सगळं उडवू, गाडी सुसाट पळेल. तुमची ही पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. बारा वर्षांपूर्वी मला हेच सांगितलं गेलं होतं आणि मी होकार दिला होता.

टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्ट पोर्ट (सिलिंडरमधून धूर बाहेर जायचं तोंड) उघडा असताना पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रणही थोडं बाहेर निसटतं. सायलेन्सरचा पाईप आतून आधी रुंदावतो, मग निमुळता होतो. त्या आकारामुळे दाबाची लाट मागे फिरते आणि निसटलेलं मिश्रण परत सिलिंडरमध्ये ढकलते. म्हणजे तो पाईप इंजिनचाच भाग आहे. आतली मापं बिघडली की लाट भलत्या वेळी पोचते. माझ्या गाडीचा आवाज वाढला, पण खालचा दम गेला. पुण्यात स्वारगेटच्या सिग्नलवरून निघताना हाफ क्लचवर रेस करावी लागायची.

जेटिंगला, म्हणजे कार्ब्युरेटरमधून किती पेट्रोल जातं त्या सेटिंगला, कुणी हातच लावला नाही. महिन्याभरात कात्रजचा जुना घाट चढताना, बोगद्याच्या जरा अलीकडे, फुल थ्रॉटलवर इंजिनचा आवाज बसला आणि मागचं चाक जाम. क्लच दाबला म्हणून वाचलो. ब्लॉक उघडला तर पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे, पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम स्लीव्हला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) चिकटलेलं, प्लग खडूसारखा पांढरा. मिश्रण लीन झालं होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत होतं.

रिबोअर (सिलिंडर आतून घासून मोठा करणं) आणि नव्या पिस्टनने ते निस्तरलं. सायलेन्सरचं मात्र निस्तरेना. आतले तुकडे त्या मेकॅनिकने भंगारात दिले होते. पुढे रिन्यूअलच्या पासिंगला आरटीओने गाडी आवाजावरून परत पाठवली. तीन चकरा मारल्या, पण नेमकं काय बसवून आणायचं ते एकानेही धड सांगितलं नाही. त्याचा राग अजून जात नाही. नाना पेठ पालथी घातली, कित्येक रविवार जुन्या बाजारात घालवले. मिळायचे ते पातळ पत्र्याचे डुप्लिकेट. शेवटी एका बंद पडलेल्या गाडीचा मूळ सायलेन्सर घेतला, रिबोअरच्या खर्चापेक्षा जास्त पैसे मोजून.

माझ्या मते तुमचा पिकअप कार्बनने खाल्लाय. मागचा स्क्रू काढून पुंगळी बाहेर ओढा. भोकं तेलकट काळ्या थराने बुजलेली असतील तर कॉस्टिक सोड्यात रात्रभर ठेवा. सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच. हेड, पिस्टन या अ‍ॅल्युमिनियमच्या भागांना सोडा अजिबात लावू नका. एक्झॉस्ट पोर्ट खरवडा, बेंड पाईपचं गॅस्केट नवं टाका. टूटी पंपाची (इंजिनला टू-स्ट्रोक ऑइल देणाऱ्या पंपाची) केबलही बघून घ्या, बरेच जण ती विसरतात.

एवढं करूनही पाईप बदलायचाच असेल तर दुसरा घ्या, मूळचा तेल लावून पोत्यात गुंडाळून घरात ठेवा. कार्ब्युरेटरचा मेन जेट मोठा करून प्लगचा रंग कॉफीसारखा येईपर्यंत घाटात जाऊ नका. रस्त्यावर आवाजासाठी पकडलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, तेही धरून चाला.

मी मेकॅनिक नाही, एकच गाडी वीस वर्षं सांभाळलेला माणूस आहे. गाडी समोर नसताना खात्रीने सांगणं अवघड, पण उद्या ग्राइंडर लावू देऊ नका. आधी पुंगळी काढा आणि आत काय निघालं ते कळवा.