सर्दी उतरते आणि दमा चढतो, तेव्हा मी काय करते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाक वाहायचं थांबतं, ताप नसतो, आता सुटलो असं वाटतं आणि नेमकी तेव्हाच छाती भरते. निळा पंप (इनहेलर) घेऊनही खोकला तीन-तीन आठवडे जात नाही. पावसाळ्यात असं दोन-तीनदा होतं, तर काय करावं?

मी गोव्यातल्या डिचोलीची. आठव्या वर्षापासून दमा आहे, आता वय एकोणपन्नास. प्राथमिक शाळेत शिकवते, म्हणजे जूनमध्ये वर्गात कुणाचं नाक गळायला लागलं की पुढचा नंबर माझा. मी डॉक्टर नाही. औषधांचे डोस तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

आधी कारण सांगते, कारण मला ते चाळिशीनंतर कळलं. आपण म्हणतो, सर्दी छातीत उतरली. दम्याच्या माणसात साध्या सर्दीचा विषाणू श्वासनळ्यांना आतून सुजवतो. त्यात नळ्यांचे स्नायू आवळतात आणि वर चिकट कफ. निळा पंप, म्हणजे साल्ब्युटामॉल, फक्त आवळलेले स्नायू सैल करतो, तेही चार-सहा तास. सुजेला तो हातही लावत नाही. सूज उतरवतो तो रोजचा स्टेरॉइडचा पंप, आणि त्याला दिवस लागतात. म्हणून निळा पंप मारला की बरं वाटतं, सूज मात्र आत वाढत असते. आणि म्हणूनच एप्रिल-मेमध्ये बरं वाटतंय म्हणून रोजचा पंप कपाटात ठेवणारे आपण जुलैत फसतो. स्टेरॉइड या शब्दाला आपल्याकडे उगाच घाबरतात. पंपातून जाणारी मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, गोळीतली मिलिग्रॅममध्ये. पंप नको नको म्हणत शेवटी गोळ्यांचा कोर्स घ्यायची पाळी येते, ती जास्त महागात पडते.

मी स्वतः कशी फसले ते ऐका. 2016 ची चतुर्थी. घरात बावीस माणसं, त्यातली निम्मी शिंकत आलेली. बाहेर पाऊस, आत कापूर, अगरबत्ती आणि अंगणातल्या फटाक्यांचा धूर. माझी सर्दी चार दिवसांपूर्वीच बरी झाली होती. दुसऱ्या रात्री घुमट (मातीचं वाद्य) वाजवत होणाऱ्या आरतीला उभी राहिले आणि लक्षात आलं, जी ओळ दरवर्षी एका दमात म्हणते तिथे दोनदा श्वास घ्यावा लागतोय. तेव्हाच थांबायला हवं होतं. पण नेवऱ्या तळायच्या होत्या, आणि मी पडले घरची मोठी सून. निळा पंप मारला, तासाभराने परत मारला, मग अर्ध्या तासाने. फवारा व्यवस्थित येत होता, फरक काही पडत नव्हता. पहाटे तीनला नवऱ्याने 108 ला फोन केला. इस्पितळात नेब्युलायझर (औषधाचे तुषार देणारं यंत्र) लावल्यावर तिथल्या नर्सबाईंनी माझा पंप हातात घेऊन विचारलं, "हा कधी उघडलात?" मला आठवेना. पंपात दोनशे फवारे असतात. ते संपले तरी आतला वायू उरतो आणि फुसफुस चालूच राहते. मी रात्रभर नुसता वायू ओढत होते.

तेव्हापासून पंप उघडला की त्याच्यावर मार्करने तारीख घालते. आता काही पंपांवर आकडा दाखवणारा काउंटर असतो. मिळत असेल तर तोच घ्या. पाण्यात टाकून तरंगतो का बघायची जुनी युक्ती खरी नाही.

दुसरी गोष्ट कागदाची. दमा शांत असताना डॉक्टरांकडे जा आणि एका कागदावर लिहून घ्या: सर्दी सुरू झाल्यावर काय वाढवायचं, कधी फोन करायचा, कधी थेट इस्पितळ. माझा कागद फ्रिजच्या दारावर आहे. पहिली शिंक आली की तो वाचते, छाती भरायची वाट बघत नाही. कुणाला त्यात रोजच्या पंपाचे फवारे वाढवून देतात, कुणाला दोन औषधं एकत्र असलेला एकच पंप रोजसाठी आणि धाप लागल्यावरही देतात. माझं तुम्हाला लागू होईलच असं नाही.

सोबत पीक फ्लो मीटर ठेवा, श्वास किती जोराने बाहेर पडतो ते मोजायला. औषधाच्या दुकानात मिळतं, पाव लिटरच्या बाटलीएवढं प्लास्टिकचं नळकांडं. उभं राहून जोरात तीनदा फुंकायचं, सर्वांत मोठा आकडा लिहायचा. बरी असताना माझा आकडा 380. सर्दीत तो 300 च्या खाली गेला की कागदावरची पुढची पायरी, 190 च्या खाली गेला तर विचार न करता इस्पितळ. म्हणजे साधारण ऐंशी टक्के आणि पन्नास टक्के. गंमत अशी की छातीत शिट्ट्या वाजायच्या आधीच हा आकडा पडायला लागतो.

मीटर नसेल तर रात्र बघा. दोन-तीनच्या सुमारास खोकल्याने जाग आली, किंवा निळा पंप चार तासही पुरेना, तर ती नुसती सर्दी उरलेली नाही.

स्पेसर, म्हणजे पंपाच्या तोंडाला लावायची पोकळ नळी, वापरता का? नसाल तर निम्मं औषध घशातच बसतंय असं समजा. पंप हलवा, एकच फवारा स्पेसरमध्ये सोडा, सावकाश श्वास आत ओढा, दहापर्यंत मोजेतो धरून ठेवा. मग दुसरा. दोन फवारे एकदम सोडू नका. स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरा, नाहीतर जिभेवर पांढरा थर येतो. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळू द्या, फडक्याने पुसला की आत औषध चिकटतं. पावसात वाळायला दोन दिवस लागतात, म्हणून मी दोन ठेवलेत.

घरगुती उपायांबद्दल: हळदीचं दूध, गरम पेज खुशाल घ्या, घशाला बरं वाटतं. वाफेने नाक मोकळं होतं, दमा नाही. शिवाय उकळत्या पातेल्यावर वाकून भाजून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. मृगाला हैदराबादला जाऊन जिवंत मासळीतलं औषधही गिळून आलेय, वडिलांच्या हट्टापायी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये घरघर सुरू झाली होती. सर्दीवर अँटिबायोटिक मागू नका, विषाणूवर ती चालत नाहीत. आणि अंग दुखतं म्हणून मनाने वेदनाशामक घेऊ नका. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेनने काही दमेकऱ्यांचा दमा उसळतो. तापाला पॅरासिटामॉल बरं.

जुलैत कपाटाच्या मागची भिंत बघा. आमच्याकडे तिथे हिरवट-काळी बुरशी धरते, गाद्यांनाही कुबट वास येतो. सर्दीने नळ्या सुजलेल्या असताना ही बुरशी खरवडायला आपण बसायचं नाही, दुसऱ्या कुणाला सांगायचं. चतुर्थीच्या साफसफाईलाही हेच, घरचे काय म्हणायचं ते म्हणोत.

तीन आठवड्यांच्या खोकल्याचं म्हणाल तर साध्या सर्दीनंतरही तो इतके दिवस रेंगाळू शकतो, पण रोज थोडा कमी व्हायला हवा. आकडा वर चढत असेल आणि झोप लागत असेल तर मी थांबते. खोकला वाढत असेल तर थांबत नाही. बोलताना वाक्य पुरं होईना, गळ्याजवळची कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर दिसतात किंवा माणूस गुंगल्यासारखा होतो, तर 108. शिट्ट्या एकदम बंद झाल्या पण धाप तशीच आहे, तर तेही लक्षण वाईटच, बरं झालं असं समजू नका. गाडी येईपर्यंत माणसाला बसतं ठेवा, आडवं करू नका, आणि कागदावर लिहिलंय तसा स्पेसरमधून निळा पंप देत राहा.

तुम्ही रोजचा पंप घेता की नाही, हे प्रश्नात लिहिलं नाहीत. ते कळवलंत तर पुढचं बोलता येईल.