वाचकांचे प्रश्न: जुन्या गाडीत पॉवर सीट बसवताना

प्रश्न, एडिसन, न्यू जर्सीहून: नमस्कार दादा, माझ्याकडे १९८६ ची कॉर्व्हेट आहे, मॅन्युअल सीटवाली. सीटचं लेदर फाटलंय आणि आतला फोम भुगा होऊन कार्पेटवर सांडतोय. मागच्या महिन्यात एका जंकयार्डात १९९१ च्या कॉर्व्हेटच्या दोन पॉवर (मोटरने सरकणाऱ्या) स्पोर्ट सीट मिळाल्या, स्विच आणि तारांसकट काढून आणल्यात. खालून एक कपलर (तारा जोडायचा प्लग) लोंबतोय, त्यात एक जाड केशरी वायर आहे आणि एक काळी. करंट कुठून घेऊ? मित्र म्हणतो सिगारेट लायटरच्या वायरला जोड, दहा मिनिटांचं काम आहे. आणि बसवण्याआधी काय काय तपासू?

उत्तर: आधी मित्राचं ऐकू नका एवढं सांगतो, मग बाकीचं सावकाश बोलू. लायटरची वायर लायटरपुरतीच असते. सीटची मोटर मोकळी फिरत असताना थोडाच करंट खाते, पण सीट रेलच्या, म्हणजे ती ज्या पट्ट्यांवर सरकते त्यांच्या, टोकाला जाऊन अडकली आणि तुमचं बोट स्विचवरच राहिलं की तीच मोटर त्याच्या कितीतरी पट करंट ओढते, आणि तो सगळा करंट त्या बारीक वायरमधून जातो. माझ्याकडे एकदा अशीच गाडी आली होती, आधीच्या कुणीतरी लायटरच्या वायरला टॅप मारलेला, वर फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज घातलेला, आणि कार्पेट उचललं तर वायरचं कव्हर वितळून खालच्या फेल्टला चिकटलं होतं, हातभर लांब काळा पट्टा. गाडीवाल्याची तक्रार काय, तर 'एसी लावला की जळका वास येतो'. वास एसीचा नव्हताच. तो पट्टा बघितल्यापासून या बाबतीत मी कुणाशी तडजोड करत नाही.

आता तुमच्या सीट. जीएमच्या (जनरल मोटर्स, कॉर्व्हेट बनवणारी कंपनी) त्या काळातल्या गाड्यांत केशरी वायर म्हणजे कायम चालू करंट आणि काळी म्हणजे अर्थ (अर्थिंग, बॅटरीच्या मायनसकडे जाणारी बाजू), त्यामुळे तुम्ही सांगताय ते बरोबर जुळतंय, तरी तीस-पस्तीस वर्षांत मधे कोणी काय जोडाजोड केली असेल सांगता येत नाही म्हणून वायर सीटच्या आत कुठे जाते ते डोळ्यांनी बघा. मग सीट गाडीत न्यायच्या आधी गॅरेजच्या फरशीवर जुनी गोधडी टाकून तिच्यावर ठेवा आणि तिथेच चालवून बघा. एक चांगली चार्ज केलेली बारा व्होल्टची बॅटरी घ्या, प्लसच्या वायरमध्ये फ्यूज घाला, केशरीला प्लस, काळीला मायनस. लहान बॅटरी चार्जरवर टेस्ट करू नका, तो एवढा करंट देऊ शकत नाही, मोटर नुसती कण्हते आणि आपल्याला वाटतं मोटर गेली. पुढे-मागे, पुढचा भाग वर-खाली, मागचा भाग वर-खाली, सगळं दोन्ही टोकांपर्यंत न्या. तेव्हा रेलजवळ बोटं नकोत, गिअरला दया नसते.

एखादी हालचाल बंद असेल तर लगेच मोटर शोधायला जाऊ नका. या सीटचं वायरिंग कसं असतं ते एकदा डोक्यात बसवा. मोटर साधी डीसी मोटर असते, तिच्या दोन तारा. स्विच सोडलेला असतो तेव्हा दोन्ही तारा अर्थला असतात. स्विच एका बाजूला दाबला की एका तारेला बारा व्होल्ट मिळतात, दुसरी अर्थलाच राहते, मोटर एका दिशेने फिरते, दुसऱ्या बाजूला दाबला की उलटं. म्हणजे सगळा खेळ अर्थवर आहे. काळ्या वायरचा जॉइंट गंजला तर सगळ्याच मोटरी एकदम मंद होतात किंवा मरतात, आणि लोक सहाही दिशांच्या मोटरी बदलायला निघतात. एकच दिशा बंद असेल, पुढे जाते पण मागे येत नाही, तर मोटर चांगली आहे, स्विचचा एक कॉन्टॅक्ट काळा पडलाय. स्विच उघडून बारीक पॉलिश पेपर आणि कॉन्टॅक्ट क्लीनर, बहुतेक वेळा तेवढ्यात काम होतं. उघडताना मात्र प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून उघडा, आतली बारीक स्प्रिंग आणि गोळी उडाली की अख्खी संध्याकाळ जमिनीवर रांगण्यात जाते.

रेलवरचं जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असणार. ते रॉकेलने, तुमच्याकडे मिनरल स्पिरिट मिळेल त्याने, पूर्ण काढा आणि पांढरं लिथियम ग्रीस लावा. जुन्यावरच नवीन थापू नका. स्पोर्ट सीटमध्ये कमरेच्या आधारासाठी हवेचे फुगे असतात, एक छोटा पंप ते फुगवतो. पंपाचा आवाज येतो पण कंबरेला काही लागत नाही असं झालं तर फुगा किंवा नळी फाटलीय. सीटचं कव्हर अजून चांगलं असेल तर त्यासाठी आत्ता उघडू नका, पण लेदर बदलणार असाल तर तेव्हाच फुगेपण बदलून घ्या, दुप्पट काम वाचेल.

करंट कुठून घ्यायचा ते आता. पहिल्यांदा कार्पेटखाली ड्रायव्हरच्या बाजूला बघा, कंपनीचा सीटचा कपलर आधीच टेप मारून पडलाय का. मॅन्युअल सीटवाल्या गाडीत तो असतोच असं नाही, पण शोधायला पैसे पडत नाहीत. सापडला तर टेस्ट लॅम्प लावून बघा, आणि मल्टिमीटरवर विसंबू नका, मीटर गंजलेल्या जॉइंटमधूनसुद्धा बारा व्होल्ट दाखवतो कारण तो करंट घेतच नाही. हेडलाइटचा जुना बल्ब लावा, तो लख्ख पेटला तरच वायर खरी.

कपलर नसेल तर नवीन लाइन ओढा. तुमच्या गाडीत बॅटरी डाव्या पुढच्या चाकाच्या मागे असते, म्हणजे ड्रायव्हरच्या पायांपासून लांब नाही, हे तुमचं नशीब. दोन्ही सीटला वेगवेगळी लाइन, १० गेज (वायरच्या जाडीचं माप) कॉपर वायर, आणि प्रत्येक लाइनला ३० अँपियरचा ऑटो-रिसेट सर्किट ब्रेकर, तो बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. आत म्हणजे आतच. ब्रेकर सीटखाली लावला तर बॅटरीपासून सीटपर्यंतची सगळी वायर उघडी राहिली, ती मधे कुठे घासली तर तिला वाचवणारं कोणी नाही. साध्या फ्यूजऐवजी ब्रेकर का, तर सीट टोकाला अडकली की फ्यूज दर वेळी उडेल, ब्रेकर गरम होऊन तुटतो आणि थंड झाला की आपला आपण जोडला जातो. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधली भिंत) वायर आत घेताना भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट, म्हणजे रिंग, घालाच. थिम्बल (वायरच्या टोकाला बसणारा धातूचा तुकडा) क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा, नंतर ओढून बघा, हाताने सुटत असेल तर तो क्रिंप नाही.

अर्थचं इथे खास लक्षात ठेवा. इतर गाडीत बॉडीला कुठेही स्क्रू मारला की अर्थ मिळतो, कॉर्व्हेटची बॉडी फायबरची, तिच्यात स्क्रू मारून काही होणार नाही. काळी वायर स्टीलच्या फ्रेमवरच्या अर्थ पॉइंटला किंवा सरळ बॅटरीच्या मायनसला न्या, ती पण १० गेजचीच. पॉइंटवरचा रंग खरवडून चकचकीत धातू दिसला पाहिजे. सगळं जोडल्यावर एकाने सीटचा स्विच दाबून धरायचा आणि दुसऱ्याने मीटर सीटच्या काळ्या वायरला आणि बॅटरीच्या मायनसला लावायचा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर कुठलातरी जॉइंट खराब आहे, परत जा.

आता बसवणं, आणि हे मी वायरिंगच्या वर ठेवतो कारण सीट चालली नाही तर पाठ दुखते, सीट सुटली तर माणूस जातो. जुनी सीट काढल्यावर तिच्या चार बोल्टांच्या जागा एका पुठ्ठ्यावर उतरवून घ्या, मग तोच पुठ्ठा नव्या सीटच्या पायांखाली धरा. चारही भोकं जुळली पाहिजेत. दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे असेल म्हणून भोक फाइलने ओढून लांब करायचा मोह होतो, नका करू, आधी सीटच्या दोन रेल एकमेकींना समांतर आहेत का ते बघा, बहुतेक वेळा एक रेल दुसरीच्या पुढे सरकलेली असते. बोल्ट कंपनीचेच वापरा. हार्डवेअरच्या दुकानातला दिसायला तसाच बोल्ट मऊ असू शकतो. चारही आधी हाताने चार-पाच आटे बसवा, मगच पाना लावा, आणि शेवटी सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला, म्हणजे तेवढ्याच जोराने आवळा. सीट बेल्टचं बकल नव्या सीटवर नीट हाताला येतंय का, बेल्ट कमरेच्या हाडावर बसतोय की पोटावर चढतोय, हे सीट सगळ्यात वर आणि सगळ्यात खाली अशा दोन्ही ठिकाणी बसून बघा.

अजून एक. सीट दारातून आत नेताना त्या कॉर्व्हेटचा दाराखालचा उंच आणि रुंद उंबरठा आडवा येतो आणि पॉवर सीट जड असते, म्हणून उंबरठ्यावर जाड ब्लँकेट टाका आणि दोघांनी उचला. एकट्याने उचलली तर उंबरठ्यावर ओरखडा नक्की, कंबरही नक्की. आणि आत ठेवल्यावर वायर रेलखाली चिमटली नाही ना हे टॉर्च घेऊन, सीट पुढे-मागे करून बघा, वायरला तेवढा ढिलेपणा हवा की सीट पूर्ण पुढे गेली तरी ताण नको आणि पूर्ण मागे गेली तरी ती रेलमध्ये शिरायला नको. प्लास्टिकची फट असलेली नळी, म्हणजे कॉन्ड्युइट, घालून सीटच्या फ्रेमला टायने बांधा.

तुमच्या १९८६ च्या गाडीत एअरबॅग नाही, त्यामुळे तो प्रश्न नाही. कॉर्व्हेटला ड्रायव्हरची एअरबॅग १९९० पासून आली, तेव्हापासूनची गाडी असणाऱ्या वाचकांनी सीटला हात लावायच्या आधी बॅटरी काढून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबायचं.

प्रश्न, म्युनिकहून: माझी १९९६ ची बीएमडब्ल्यू ई-३६ एम-३ आहे. ड्रायव्हर सीट पुढे नेली की डावी बाजू जाते आणि उजवी तिथेच राहते, सीट तिरकी होते. शोरूमवाला म्हणतो पूर्ण फ्रेम बदला. खरंच बदलावी लागेल?

उत्तर: नाही लागणार, निदान आधी एक गोष्ट बघितल्याशिवाय. या सीटमध्ये पुढे-मागे जायला एकच मोटर असते आणि तिच्यातून दोन लवचीक केबल डाव्या-उजव्या गिअरला जातात. केबलचं बाहेरचं प्लास्टिकचं कव्हर वर्षानुवर्षांत आखडतं, आखडलं की आतली चौकोनी टोकाची केबल मोटरमधून किंवा गिअरमधून जराशी बाहेर येते आणि टोक नुसतं गरगर फिरतं, एका बाजूचा गिअर जागचा हलत नाही. सीट काढा, बंद पडलेल्या बाजूची केबल सोडवा, बाहेरच्या कव्हरचा काही मिलिमीटरचा तुकडा कापा म्हणजे आतलं टोक पुन्हा पुरेसं आत बसेल. जास्त कापू नका, थोडं कापून बसवून बघत जा. पुन्हा जोडायच्या आधी दोन्ही रेल अगदी सारख्या ठिकाणी आणा, स्केल लावून मोजा, अंदाजाने नको. हे काम चांगला हात असलेला माणूस एका सकाळी करतो. फ्रेमचा खर्च करण्याआधी हे करून बघाच. सीटखाली पिवळा कपलर दिसला तर तो एअरबॅग किंवा बेल्ट टेन्शनरचा (धडकेत बेल्ट ताणणारा भाग) आहे, बॅटरी काढल्याशिवाय त्याला हात नाही, आणि मल्टिमीटर तर कधीच नाही.

प्रश्न, म्हापशाहून: माझी सॅन स्टॉर्म आहे, दोन सीटवाली उघडी गाडी. भंगारातल्या सेडानच्या पॉवर सीट बसवायच्या मनात आहे. जमेल का?

उत्तर: जमवता येईल, पण मी करणार नाही. पॉवर सीटचा खालचा सांगाडा मोटरी आणि गिअरमुळे उंच असतो, छोट्या गाडीत तुमचं डोकं विंडस्क्रीनच्या वरच्या पट्टीच्या रेषेत येईल आणि गुडघे स्टिअरिंगला टेकतील. सेडानच्या सीटसाठी या फायबरच्या गाडीत नवे पाय वेल्ड करायचे आणि ते भक्कम ठिकाणी बांधायचे, हे कुठल्याही गॅरेजात होईल असं काम नाही, फायबरला नुसता वॉशर लावून बोल्ट आवळला तर एका धडकेत तो आरपार निघेल. त्यात गोव्याचा पाऊस. कितीही चांगलं छप्पर असलं तरी उघड्या गाडीत जून ते सप्टेंबर कार्पेटला ओल असते, मोटर आणि स्विच त्या ओलीत पहिल्याच पावसाळ्यात हिरवे होतात. तुमच्या आहेत त्या सीटचा फोम नवीन भरून घ्या, म्हापशात कुशनवाले आहेत, दोन घनतेचा फोम मागा, खाली कडक आणि वर मऊ, आणि बसायच्या आधी रेलला ग्रीस मारून घ्या, गाडी सुखाची होईल.